आप्पांचं कथील

सोर्स परत न्यायला शनिवारी दुपारी चार वाजता पुण्याहून जीप येणार होती, आणि मंगळवार उजाडला तरी माझं कथील चुकतच होतं.

सोर्स म्हणजे सीझियमची बोटाच्या पेराएवढी डबी. ती शिशाच्या जाडजूड पेटीत बसवलेली. पेटीला समोर एक भोक, त्यातून गॅमा किरणांची बारीक धार बाहेर पडे. ही डबी माझी नव्हती, आमच्या कॉलेजचीही नव्हती. पुण्याच्या सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, ती तीन महिन्यांच्या बोलीवर मला नाशिकला दिली होती. शनिवारी ते तीन महिने संपत होते आणि मुदत वाढवून मिळणार नव्हती. डबीसाठी दुसरा विद्यार्थी रांगेत उभा होता.

ऐंशीच्या दशकाची ती पहिली वर्षं. कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवत होते, तेही टेंपररी. "जूनपर्यंत एम. फिल. झालं तर कायम करू, नाही तर दुसरा माणूस बघावा लागेल," असं प्राचार्यांनी मला चहा पाजता पाजता सांगितलं होतं. तेव्हापासून त्या ऑफिसातला चहा मला कधीच गोड लागला नाही. आमच्या तांबट आळीत मुलगी एम. एस्सी. झाली याचंच लोकांना अप्रूप होतं. ती नोकरीवरून परत घरी बसली तर त्याच लोकांना बोलायला केवढं निमित्त मिळणार, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

प्रयोग सांगायला सोपा होता. धातूचा पत्रा धारेसमोर टांगायचा. त्यातल्या अणूंवर आपटून किरण सगळीकडे फेकले जातात. निरनिराळ्या कोनांवर मोजणीयंत्र ठेवून किती आले ते मोजायचं. यात दोन तऱ्हा असतात. लोंबत्या फडक्यावर चेंडू मारला तर त्याचा जोर मरतो, भिंतीवर मारला तर तो तेवढ्याच जोरात परततो. तसंच इथे. काही किरण एखाद्या सैल इलेक्ट्रॉनला धक्का देतात आणि त्यात आपली थोडी ऊर्जा घालवून बसतात. काहींना मात्र अख्खा अणू मिळून परतवतो. त्यांची दिशा बदलते, ऊर्जा जशीच्या तशी राहते. मला हे दुसरे, जोर न गमावलेले किरण मोजायचे होते. ते फार थोडे येतात, म्हणून एकेका कोनाला तास-दोन तास बसावं लागे. मध्येच वीज गेली की झालेली मोजणी पाण्यात.

अॅल्युमिनियम, तांबं, कथील आणि शिसं, असे माझे चार पत्रे होते. तीन पत्र्यांचे आकडे सिद्धांताशी जुळले. कथलाचे प्रत्येक कोनावर जास्त येत होते. थोडेथोडके नाही, दीडपट.

सरांना ट्रंक कॉल लावला. लाइनीवर इतकी खरखर होती की दोघंही किंचाळत होतो.

"नमुना कुठला आहे?" त्यांनी विचारलं.

"खात्रीचा आहे, सर."

"खात्री कुणाची?"

"माझ्या वडिलांची."

ते हसले असावेत. खरखरीत नीट कळलं नाही, पण मला तसं वाटलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमच्या सिद्धांतात काही चुकलं असेल," असं मी त्यांना ऐकवलं. माझ्या तोंडाला तेव्हा लगाम नव्हता, आजही फारसा नाही. सर शांतपणे म्हणाले, "कथील वगळून प्रबंध होणार नाही. तोच मधला दुवा आहे. शनिवारपर्यंत बघा."

पत्रे आप्पांनी केले होते. मुंबईहून शुद्ध पत्रे मागवायचे तर दोन महिने लागणार होते, आणि आमच्या विभागाला साधे नवे खडू मागितले तरी अर्ज करावा लागे. आप्पा तांबट. चाळीस वर्षं भांडी घडवण्यात आणि कल्हई करण्यात गेलेली. त्यांना पत्र्यांचं सांगितलं, तर ते पोरासारखे खूश झाले. तांबं त्यांनी ऐरणीवर मठारून मठारून कागदासारखं केलं. कल्हईच्या कथलाच्या कांड्या वितळवून त्याचाही पत्रा ठोकून दिला. "शंभर नंबरी आहे," म्हणाले, "तुझ्या सरांना सांग." पत्रा माझ्या हातात देताना त्यांनी तो आधी धोतराला पुसला.

मंगळवारी मी यंत्राचं व्होल्टेज तपासलं. बुधवारी सगळे कोन नव्याने आखले, शिशाच्या विटा हलवल्या, पुन्हा रचल्या. पत्रा काढून नुसत्या हवेची मोजणी केली आणि ती वजा केली. तांबं पुन्हा लावलं, ते बरोबर आलं. कथील लावलं की दीडपट. प्रयोगशाळेच्या शिपायाने दार उघडून "बाई, कुलूप लावायचंय" म्हटलं, तेव्हा मी त्याच्यावरही खेकसले. बिचाऱ्याचा काय दोष होता! मी सगळं तपासलं होतं, फक्त एक गोष्ट सोडून. ती तपासायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या कुणी पत्रा दिला असता तर मी पहिल्याच दिवशी त्याची परीक्षा केली असती.

गुरुवारी सकाळी वहीचं तेच पान दहाव्यांदा बघत होते आणि एकदम दिसलं. ऊर्जा गमावून आलेल्या किरणांचे आकडे कथलातही अगदी बरोबर होते. चुकत होते ते फक्त जोर न गमावलेले. यंत्र चुकलं असतं तर दोन्ही चुकले असते. पहिल्या तऱ्हेच्या किरणांना अणू कोणता याचं फारसं सोयरसुतक नसतं, पत्र्यात इलेक्ट्रॉन किती आहेत एवढंच ते बघतात. दुसऱ्या तऱ्हेच्यांचं तसं नाही. अणू जड झाला की ते कितीतरी पटीने वाढतात. थोडेसेच जड अणू मिसळले असले तरी आकडा उसळी घेणार. म्हणजे त्या पत्र्यात कथलापेक्षा जड काहीतरी होतं.

कथलात जड काय मिसळतात, हे तांबट आळीतलं शेंबडं पोरही सांगेल. शिसं. कथील महाग, शिसं स्वस्त, आणि दिसायला दोन्ही भाऊ-भाऊ.

पत्र्याचा एक कोपरा कापला आणि आधी हवेत, मग पाण्यात बुडवून तोलला. शाळेतली पोरं करतात तोच प्रयोग. तराजूचा काटा स्थिर होईना. शेवटी झाला. शुद्ध कथलाहून तो तुकडा चांगलाच जड भरत होता.

मी स्टुलावर बसून राहिले. प्रबंधाचा विचार त्या वेळी पळभर मागे पडला. कल्हईत शिसं असलं तर आंबटाने ते सुटतं आणि पोटात जातं. आळीच्या आसपासची निम्मी घरं आप्पांकडून कल्हई करून घेत होती. आमच्याही घरी त्याच पातेल्यात चिंचेची आमटी होई. व्यापाऱ्याने आप्पांना फसवलं असेल, असं मी स्वतःला सांगत होते. पण मनात दुसरीही शंका आली होती, ती लपवत नाही. आप्पांनीच मिसळलं असेल तर? स्टीलची भांडी आल्यापासून कल्हईला येणारी गिऱ्हाइकं निम्म्याने घटली होती, हे मला दिसत होतं. ही शंका आली याची मला आजही लाज वाटते. पण आली होती खरी.

साडेबाराला सायकल काढली आणि आळीत गेले. दोन्ही बाजूंनी हातोड्यांचा ठणठणाट. तिथे लहानपणापासून सगळे ओरडूनच बोलतात, हळू बोलणारा माणूस आळीत आजारी समजला जातो. आप्पा भात्याजवळ बसून एक घंगाळ तापवत होते. मला अवेळी बघून म्हणाले, "काय गं? जमलं का?"

"आप्पा, कथलाच्या कांड्या दाखवा. पत्रा केला त्यातल्या."

त्यांनी गाठोडं पुढे केलं. मी विचारलं, "हे शुद्ध आहे ते कसं ओळखता?"

हा प्रश्न त्यांना आवडला. कल्हईवाल्याची परीक्षा कानाची असते. कथलाची कांडी कानाशी धरून हळूच वाकवली की आतून करकर असा बारीक आवाज येतो, कोरडी काटकी मोडावी तसा. शिसं मिसळलेलं असेल तर कांडी गप्प राहते. आप्पांच्या वडिलांनी त्यांना हे शिकवलं होतं. घेताना प्रत्येक कांडी ते अशीच पारखून घेत.

त्यांनी एक कांडी कानाशी नेली, डोळे मिटले, वाकवली. चेहरा समाधानाचा. "बोलतंय बघ. ऐक."

मी दुसरी कांडी कानाला इतकी जवळ धरली की ती गालाला टेकली. वाकवली. काहीच नाही. पुन्हा वाकवली. हातोड्यांच्या आवाजात ऐकू येत नसेल म्हणून दुकानाच्या आतल्या खोलीत गेले, दार लोटलं, तिसरी वाकवली. ती मेणासारखी मुकाट्याने वाकली.

बाहेर आले. आप्पांनी आणखी एक कांडी उचलून माझ्यासमोर वाकवली आणि म्हणाले, "ही तर त्याहून छान."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. खोटं बोलणारा माणूस मी ओळखते, वर्गात रोज बघते. ते खोटं बोलत नव्हते. चाळीस वर्षं जो आवाज यायचा तो आताही येतोय, असं त्यांना खरंच वाटत होतं. हातांना कांडी वाकल्याचं कळत होतं आणि आवाज डोकं आपलं आपणच भरून काढत होतं.

मग सगळं एकदम ध्यानात आलं. गिऱ्हाईक आलं की आई आतून येऊन त्यांच्याशेजारी उभी राहते आणि "तीन पातेली म्हणतायत, परवा हवीत म्हणतायत" असं सांगते, ते का. घरी रेडिओवरच्या बातम्या आताशा ते का ऐकत नाहीत. माझ्या बोलण्याला ते नुसतं "हो, हो" का म्हणतात. चाळीस वर्षं हातोड्याखाली बसून त्यांचे कान गेले होते. आईला माहीत होतं. आळीत सगळेच ओरडून बोलतात, म्हणून दुसऱ्या कुणाला पत्ता लागला नव्हता. मलाही नाही.

मी त्यांच्याजवळ उकिडवी बसले आणि म्हटलं, "आप्पा, या कथलात शिसं आहे."

"हो, हो," ते म्हणाले.

"शिसं आहे, आप्पा. कथील शुद्ध नाही."

"हो. सरांना सांग."

दोन दिवस झोप नव्हती. शनिवार डोक्यावर बसला होता. आणि समोर हा माणूस मान डोलवत होता. माझा तोल गेला. मी उभी राहिले आणि ओरडले, "तुमच्या कथलात शिसं आहे! तुम्हाला ऐकू येत नाही! तुम्ही सगळ्यांच्या भांड्यांना शिसं लावताय!"

एक वाजला की आळीतले हातोडे जेवणासाठी एकेक करून थांबतात. ते थांबले होते. माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझं शेवटचं वाक्य आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. समोरच्या दुकानातला माणूस डबा उघडता उघडता तसाच राहिला. दोन बायका पाण्याची कळशी घेऊन जात होत्या, त्या थांबल्या. आई दारात आली होती आणि तिने तोंडाला पदर लावला होता.

आप्पांनी घंगाळ चिमट्याने खाली उतरवून ठेवलं. हात पुसले. मग म्हणाले, "ओरडू नकोस. ऐकू आलं."

त्या वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या लोकांदेखत माझ्या बापाला मी असं बोलले होते.

पण ते माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुझी ती डबी कधी जाते?"

"परवा. चार वाजता."

"उद्या कथील आणू," ते म्हणाले आणि आईकडे बघून हात केला, "ही ऐकेल."

भांडीबाजारातल्या धातूच्या व्यापाऱ्याकडे तोवर आमच्या घरातली बाई कधी गेली नव्हती. शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं गेलो. आप्पांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "माझे कान गेलेत. ही पारखून घेईल." व्यापारी हसला. "बाईमाणसाला यातलं काय कळतंय, आप्पा?" आई सरळ कांड्यांच्या गाठोड्याजवळ बसली. पूर्वी आप्पा दुकानातही कांड्या वाकवून बघत, तेव्हा बाजूला बसून वर्षानुवर्षं तिने तो आवाज ऐकला होता. पहिली कांडी तिने कानाशी वाकवली आणि बाजूला ठेवली. दुसरी ठेवली. तिसरी, चौथी. व्यापाऱ्याचं हसू हळूहळू मावळलं. मग त्याने न सांगता आतून दुसरं गाठोडं आणलं. त्यातली पहिली कांडी वाकवताच आईचे डोळे चमकले. तिने ती माझ्या कानाशी धरली. करकर, अगदी स्पष्ट.

मी व्यापाऱ्याला चार शब्द सुनवणार होते. आप्पांनी माझा दंड धरला. "तो मिसळणारच," ते म्हणाले, "ऐकणं माझं काम होतं."

दिवसभर बसून त्यांनी नवा पत्रा ठोकला. या वेळी आळीतलं कुणी दुकानात डोकावलं नाही. शनिवारी सकाळी सात वाजता मी प्रयोगशाळा उघडून घेतली. सगळे कोन होणं शक्य नव्हतं. तीन निवडले. दहाच्या सुमाराला दिवे मंद झाले, पण वीज गेली नाही. पहिला कोन जुळला. मी विश्वास ठेवला नाही. दुसरा जुळला. तिसऱ्याचे शेवटचे आकडे यंत्रावर सरकत होते आणि खाली अंगणात जीपचा हॉर्न वाजला. मी खिडकीतून हात केला, थांबा म्हणून. ड्रायव्हर दहा मिनिटं थांबला. तिसराही जुळला.

सोर्सची पेटी जीपमध्ये चढवून दिली, सही केली. प्रबंध होणार, नोकरी राहणार, हे त्या क्षणी नक्की झालं होतं, आणि पुढे तसंच झालं. मला आनंद झाला होता. खोटं कशाला सांगू? सायकलवरून जाताना मी एकटीच हसत होते. आप्पांना कधी सांगते असं झालं होतं.

दुकानापुढे पातेली, तपेली, घंगाळं, कढया रचल्या होत्या. रस्त्यापर्यंत आल्या होत्या. माझं ओरडणं दोन दिवसांत आळीबाहेर पोचलं होतं आणि लोकांनी आपापली भांडी आणून टाकली होती. काहींनी चार शब्द ऐकवून टाकली, काहींनी नुसतीच. आई एकेकीला घराचं नाव विचारून भांड्यावर खडूने खूण करत होती. आप्पा मधोमध बसून वाळूने एका पातेल्याची कल्हई खरवडत होते.

मी त्यांच्यासमोर बसले, बोटाने हवेत बरोबरची खूण केली. त्यांना कळलं. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पातेल्यांच्या ढिगाकडे हात केला आणि म्हणाले, "आता तुझ्या यंत्राला विचार. यातली कुठली चांगली, कुठली वाईट. सगळी खरवडायची म्हटलं तर महिना जाईल."

"डबी गेली, आप्पा," मी मोठ्याने, पण ओरडल्यासारखं वाटू नये अशी काळजी घेत सांगितलं. "आत्ताच गेली."

त्यांनी मान हलवली. मला सुचलं ते मी विचारलं. सुशिक्षित माणसाला सुचतं तसं. "मग वाईट कधीपासूनची ते सांगा. तुम्हाला ऐकू येईनासं झालं त्याच्या आधीची सोडून देऊ."

आप्पांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"आवाज ज्या दिवशी थांबतो," ते म्हणाले, "त्या दिवशी तो थांबला हे कळत नाही गं."

आणि त्यांनी पुढचं पातेलं ओढून घेतलं.